उपकार की देणे?

एखाद्याच्या हातून आपले मोठे नुकसान झाले आणि पुढे त्याने येऊन आपल्या हातावर काही पैसे ठेवले, तर त्या पैशांना काय म्हणायचे? मदत म्हणायची की भरपाई? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. रक्कम तीच आहे, घेणाऱ्याची गरजही तीच आहे. पण मदत करणारा दाता असतो. त्याच्यापुढे मान खाली घालावी लागते, त्याचे एहसान मानावे लागतात. भरपाई करणारा मात्र कर्जदार असतो. तो देतो कारण त्याने द्यायलाच हवे. एक माणूस दुसऱ्या माणसाचा गुन्हेगार असेल तेव्हा हा फरक आपल्याला लगेच कळतो. गुन्हेगार खुद्द सरकार असेल तेव्हा मात्र तो हळूच पुसला जातो. ब्रिटनमधील दूषित रक्ताचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

हीमोफिलिया हा जन्मजात आजार. या रुग्णांचे रक्त गोठत नाही, साधा मुका मारसुद्धा सांध्यात रक्तस्राव करतो. १९७०च्या दशकात त्यांच्यासाठी एक नवे औषध आले. रक्त गोठवणारा आठव्या क्रमांकाचा घटक वेगळा काढून त्याची भुकटी करायची आणि घरच्या घरी टोचून घ्यायची. आईबापांना तो चमत्कारच वाटला. पण ही भुकटी हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनत असे. त्यातला एक जण रोगी असला तरी सगळा साठा दूषित होई. ब्रिटनला आपल्या गरजेपुरता प्लाझ्मा मिळत नव्हता, म्हणून औषध अमेरिकेतून येई. तिथे पैशांसाठी रक्त विकणारे लोक आणि तुरुंगातले कैदी यांच्याकडूनही प्लाझ्मा घेतला जात असे. १९७५ साली तेव्हाचे आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देश स्वयंपूर्ण करण्याचे वचन दिले होते. इंग्लंडच्या बाबतीत ते पाळले गेले नाही.

अशा रक्तातून काविळीचा विषाणू जातो, हे डॉक्टरांना १९४०च्या दशकापासून ठाऊक होते. एड्सचा धोकाही एकाएकी कोसळला नाही. मे १९८३ मध्ये साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गालब्रेथ यांनी आरोग्य खात्याला लेखी कळवले की, १९७८ नंतरच्या अमेरिकी रक्तापासून बनलेली औषधे मागे घ्यावीत. त्यांचे कुणी ऐकले नाही. पुरावा निर्णायक नाही, असे मंत्री सांगत राहिले. हीमोफिलियाच्या सुमारे साडेबाराशे रुग्णांना एच.आय.व्ही.ची लागण झाली, त्यांतली तीनशे ऐंशीच्या आसपास मुले होती. इतर रुग्णांना दिलेल्या रक्तातून हेपॅटायटिस सी पसरला. एकूण तीस हजारांहून अधिक लोक बाधित झाले आणि सुमारे तीन हजार मरण पावले. हॅम्पशायरमधील ट्रेलोअर या निवासी शाळेत १९७० ते १९८७ या काळात हीमोफिलियाची १२२ मुले शिकली. आज त्यांतली जेमतेम तीस हयात आहेत. या मुलांवर पालकांना पुरते न सांगता औषधांचे प्रयोगही झाले.

आता सरकारचे उत्तर पाहा. 'त्या वेळच्या ज्ञानानुसार सर्वोत्तम उपचार देण्यात आले,' हे एकच वाक्य एकामागून एक आलेली सरकारे वर्षानुवर्षे म्हणत राहिली. पैसे दिले, नाही असे नाही. १९८८ साली एक न्यास स्थापून त्यातून एच.आय.व्ही.बाधितांना रकमा देणे सुरू झाले. पण ते देणे सानुग्रह होते. हा शब्द आपल्याकडच्या सरकारी कागदांतही नेहमी भेटतो. सानुग्रह म्हणजे कृपा करून, चूक कबूल न करता. त्यामुळे आजारी माणसांना आपल्या गरजा सिद्ध करत, अर्जामागून अर्ज करत न्यासाच्या दारी उभे राहावे लागले. १९९१ सालच्या तडजोडीत तर, पुढे काविळीबद्दल सरकारवर दावा करणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. त्यांतल्या अनेकांच्या शरीरात हेपॅटायटिस सी तेव्हाच शिरलेला होता. पुढे चौकशीत हेही उघड झाले की, खात्यातील काही कागदपत्रे मुद्दाम नष्ट केली गेली होती.

सरकारची बाजू घेणारे दोन मुद्दे मांडतात. ते प्रामाणिकपणे तपासायला हवेत.

पहिला मुद्दा नियतीचा, म्हणजे हेतूचा. कुणालाही या लोकांना मारायचे नव्हते. हे खरे आहे. फ्रान्समध्येही हाच प्रश्न उभा राहिला होता. तिथल्या माजी मंत्री जॉर्जिना द्युफ्वा यांनी १९९१ साली 'जबाबदार, पण दोषी नाही' अशा अर्थाचे उद्गार काढले आणि ते गाजले. १९९९च्या खटल्यात त्या आणि माजी पंतप्रधान लोराँ फाबियुस निर्दोष सुटले. तिसरे मंत्री एदमाँ एर्व्हे दोषी ठरले, पण त्यांना शिक्षा झाली नाही. हेतू नसेल तर खुनाचा आरोप टिकत नाही, हे मान्य. पण दोष आणि देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या हातून चुकून शेजाऱ्याच्या गंजीला आग लागली तर मी दुष्ट ठरत नाही, गंजीचे देणे मात्र लागतोच. शिवाय इथे नुसती चूक नव्हती. इशारा मिळाल्यावर गप्प बसणे आणि नंतर खरे काय ते दडवणे, याला अजाणतेपणा कसे म्हणणार? ब्रिटनमधील चौकशीचे प्रमुख सर ब्रायन लँगस्टाफ यांनी मे २०२४च्या अहवालात स्पष्ट लिहिले की, हा अपघात नव्हता.

आपल्या घरांत लहानपणापासून एक गोष्ट कानावर पडते. अल्लाहचा हक्क चुकला तर तो माफ करील, पण बंद्याचा हक्क मारला असेल तर त्या बंद्याकडेच जावे लागते. त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही. यातला नैतिक विचार कुठल्याही धर्माच्या माणसाला पटेल असा आहे. माफी द्यायची की नाही, हे ज्याचे नुकसान झाले तोच ठरवतो. सरकारने स्वतःच ठरवलेली रक्कम पुढे करून, वर 'यापुढे काही मागणार नाही' अशी सही घेणे, ही माफी मागण्याची रीत नव्हे. ते धन्याचे वागणे झाले.

दुसरा मुद्दा पैशाचा. सरकारचा पैसा म्हणजे जनतेचा पैसा. ज्या करदात्याचा काही गुन्हा नाही, त्याने का भरावे? पण त्याच जनतेच्या नावाने औषधाला परवाना मिळाला होता, त्याच जनतेच्या दवाखान्यात ते टोचले गेले होते. सार्वजनिक आरोग्यसेवेचा लाभ सगळे घेतात. तिने केलेल्या घाताचा बोजा तेवढा काही हजार घरांनी एकट्याने वाहावा, यात कसला इन्साफ आहे?

जपानमध्येही हीमोफिलियाच्या रुग्णांचे असेच झाले होते. १९९६ साली आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी खात्याकडून दडलेल्या फायली बाहेर काढायला लावल्या आणि पीडितांची जाहीर माफी मागितली. मनात आणले तर हे करता येते.

ब्रिटनला फार वेळ लागला. चौकशी जाहीर झाली ती २०१७ साली. भरपाईची शिफारस एप्रिल २०२३ मध्ये आली, तरी सरकार थांबून राहिले. त्या डिसेंबरात संसदेत चार मतांनी हरल्यावरच ते हलले. मे २०२४ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी माफी मागितली आणि ऑक्टोबरात नव्या सरकारने अर्थसंकल्पात ११.८ अब्ज पौंड राखून ठेवले. रक्कम मोठी आहे. पण जुलै २०२५ मध्ये लँगस्टाफ यांना विलंबावर आणखी एक अहवाल द्यावा लागला, तेव्हा भरपाई हाती पडलेल्यांची संख्या पाचशेच्याही आत होती. रुग्णाला स्वतःहून अर्ज करता येत नव्हता, बोलावणे येईपर्यंत वाट पाहायची होती. ज्याचे आयुष्यच सावकाराने हिरावले आहे अशा धनकोला कर्जदार 'उद्या ये' म्हणतो, तेव्हा तो विलंब निरुपद्रवी राहत नाही. कर्जदार कितीही काळ थांबू शकतो, धनको मात्र मरत असतो.

हे सारे परक्या देशाचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. २००२ साली सीमेवर तैनात असलेल्या आपल्या हवाई दलाच्या एका जवानाला सांबा येथील लष्करी रुग्णालयात रक्त चढवले गेले. २०१४ साली त्याला एच.आय.व्ही. असल्याचे कळले. जबाबदारी झटकली गेली. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कर व हवाई दल यांना जबाबदार धरून सुमारे दीड कोटी रुपयांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडातील चाईबासा येथे थॅलेसेमियाची पाच मुले एच.आय.व्ही.बाधित आढळली. अधिकारी निलंबित झाले, कुटुंबांना दोन-दोन लाखांची मदत जाहीर झाली. मदत! एका जवानाला जे भरपाई म्हणून मिळाले, त्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. महिन्याला रक्त चढवून जगणाऱ्या गरीब घरच्या मुलाने कुठवर जायचे?

म्हणून अशा घटनेनंतर सरकारने किती रुपये दिले, एवढे विचारून थांबू नये. ते कोणत्या नात्याने दिले, हेही विचारावे. नुकसान झालेल्याला फायली पाहता आल्या का, रक्कम ठरवताना त्याला विचारले का, आणि तो जिवंत असताना ती त्याच्या हाती पडली का? या तीन प्रश्नांची उत्तरे 'नाही' असतील, तर सरकारने खैरात वाटली, एवढेच म्हणता येईल. देणे अजून शिल्लकच आहे.