बिलगावची वीज कोणाच्या हिशेबात?

सातपुड्यातल्या धडगाव (अक्राणी) तालुक्यात बिलगाव आहे. तिथल्या उदई नदीच्या धबधब्यावर 2003 च्या जानेवारीत वीज तयार झाली. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि पाड्यांवरची माणसं यांनी मिळून धबधब्याच्या वर बांध घातला, पाट काढला, टाकी बांधली आणि पाइपातून पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवलं. दगड-सिमेंट वाहिलं ते श्रमदानाने. क्षमता फक्त 15 किलोवॅट, पण आश्रमशाळेत आणि घराघरांत दिवा लागला. 2006 च्या पावसाळ्यात हे केंद्र नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात गेलं.

कोळसा न जाळणारी एक वीज कोळसा न जाळणाऱ्या दुसऱ्या विजेखाली गेली. सरदार सरोवराची क्षमता 1,450 मेगावॅट. त्यातला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा, आणि त्यासाठी अक्राणी-अक्कलकुव्यातली 33 गावं बुडितात आली. नर्मदेच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने 1979 मध्ये निवाडा दिला तेव्हा कार्बनचा विषय फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. धरणाला 'स्वच्छ' हे विशेषण पुढे चिकटलं. 2019 मध्ये तर केंद्राने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही अक्षय ऊर्जेत धरलं.

जगासमोर भारत मात्र न्यायाची भाषा बोलत आला. स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत 1972 साली इंदिरा गांधींनी गरिबी आणि पर्यावरण हे प्रश्न एकत्र मांडले. 1992 च्या रिओ परिषदेत जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे तत्त्व मान्य झालं. धूर ज्यांनी जास्त सोडला त्यांनी आधी आवरावं, माणशी उत्सर्जन बघा, असं भारत तेव्हापासून सांगत आला. हे म्हणणं न्याय्यच होतं, आजही आहे.

2008 च्या हवामानबदलावरच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ अभियानं आली. आकडा आला तो 2009 च्या कोपनहेगन परिषदेच्या तोंडावर: 2005 च्या तुलनेत उत्सर्जन तीव्रता 2020 पर्यंत 20 ते 25 टक्के कमी. तीव्रता म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचा धूर. एकूण धूर वाढला तरी ती घटू शकते. पुढे 2030 साठी 33 ते 35 टक्के ठरलं, 2022 मध्ये ते 45 वर नेलं. 2070 पर्यंत निव्वळ शून्य गाठण्याची घोषणा ग्लासगोत झाली. 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष विजेचा मोठा भाग अजून कोळशाचाच असला, तरी ही कमाई खरी आहे.

पण जगासमोर मांडलेलं माणशी उत्सर्जनाचं तत्त्व आपण देशाच्या आत कधी लावलं का? सातपुड्यातल्या पाड्यावर धूर म्हणजे चुलीचा. देशात सर्वांत कमी कार्बन सोडणाऱ्यांत ही माणसं असणार, आणि स्वच्छ विजेसाठी घर-शेत गेलं तेही यांचंच. हा अन्याय मला रिओतल्या आपल्या युक्तिवादाइतकाच स्पष्ट दिसतो.

आता पुढचा टप्पा झाडांचा आहे. जंगलं वाढवून 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषण्याचं वचन भारताने पॅरिस कराराच्या वेळी दिलंय, आणि 2023 मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजनाही अधिसूचित झाली. सातपुड्याच्या उतारांकडे उद्या याच नजरेने पाहिलं जाईल. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती दिलं आहे. तेव्हा धोरण आखणाऱ्यांना माझं मागणं एवढंच: इथल्या एकाही झाडाचा कार्बन विकण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि पैशातला तिचा वाटा करारात आधी लिहा.