ईश्वरी प्रेमाला अट असते काय?

ईश्वर दयाळू आहे, हे न मानणारा आस्तिक सापडणे कठीण. परंतु ती दया कोणावर, केव्हा आणि कशाच्या बदल्यात, असे विचारले की सर्वच धर्मांतील विद्वज्जन सावधपणे बोलू लागतात. ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित झाला, ह्याचे कारण त्या धर्माच्या गाभ्यातच आहे. प्रेम हा ईश्वराच्या अनेक गुणांपैकी एक गुण, एवढेच सांगून तो धर्म थांबत नाही. प्रेम हे ईश्वराचे स्वरूपच होय, असा सिद्धांत योहानाच्या पहिल्या पत्रात मांडलेला आहे. जे स्वरूपच आहे त्याला अट कोठून चिकटणार? आणि तरीही त्याच धर्मग्रंथात श्रद्धा ठेवाल तर, आज्ञा पाळाल तर, इतरांना क्षमा कराल तर, असे ‘तर’ जागोजागी भेटतात. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, ह्याविषयी ख्रिस्ती विचारवंतांचा वाद सोळाशे वर्षे चालत आला आहे.

हा वाद केवळ पंडितांच्या विरंगुळ्याचा मानता येत नाही. ज्यांचा देह जुन्या गोव्यात जतन करून ठेवला आहे, ते फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४९ मध्ये जपानला गेले. तेथे दोन वर्षांहून अधिक काळ धर्मप्रचार करून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये त्यांनी कोचीनहून युरोपातील आपल्या बंधूंना एक दीर्घ पत्र लिहिले. नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मृत आईबापांसाठी, स्त्रीपुत्रांसाठी अश्रू ढाळतात, दानधर्माने किंवा प्रार्थनेने त्यांना नरकातून सोडविता येईल काय असे विचारतात, आणि त्यावर काहीही उपाय नाही हेच उत्तर त्यांना द्यावे लागते, असे त्या पत्रात सांगितले आहे. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख होते, हेही झेवियर प्रांजळपणे लिहितात. दरवर्षी पितृपक्षात तिलांजली देणाऱ्या गृहस्थाला त्या अश्रूंचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या आईबापांच्या कानी ती अट कधी पडलीच नाही, त्यांना ती न पाळल्याबद्दल प्रेमस्वरूप ईश्वराने कायमचे दूर का लोटावे?

येशूचा स्वतःचा उपदेश पाहू गेल्यास उत्तर प्रथम निःसंदिग्ध वाटते. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तीन दृष्टांत लागोपाठ येतात. शंभरांतील एक मेंढरू हरवले म्हणून मेंढपाळ नव्याण्णवांना रानात ठेवून त्याच्या शोधार्थ निघतो. दहांपैकी एक नाणे हरवले म्हणून एक स्त्री दिवा लावून घर झाडून काढते. तिसरा दृष्टांत उधळ्या पुत्राचा. बापाच्या हयातीतच वाटणी मागून घेऊन धाकटा मुलगा दूर देशी जातो, सारे द्रव्य उडवितो, डुकरे राखण्याच्या स्थितीस पोहोचतो आणि अखेर घरी येण्यास निघतो. वाटेत तो आपले क्षमायाचनेचे बोलणे घोळून ठेवतो. परंतु तो दूर असतानाच बापाची दृष्टी त्याच्यावर पडते, म्हातारा धावत सुटतो, गळ्यात पडतो, आणि मुलाचे घोळलेले बोलणे पुरे होण्याच्या आधीच उत्तम झगा, अंगठी व पायांत जोडे आणण्याची आज्ञा सोडतो. अटीचा पक्ष घेणारे म्हणतात की, मुलगा परत आला म्हणून हे सारे घडले. बाप दूर देशी गेला नव्हता. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु त्याच अध्यायातील मेंढरू आपणहून परत आलेले नाही, आणि नाण्याला तर पश्चात्ताप होणेच शक्य नाही. तिन्ही दृष्टांत एकत्र वाचले की शोधणाऱ्याचा पुढाकार हीच त्यांतील मुख्य गोष्ट ठरते.

परंतु मत्तयाच्या अठराव्या अध्यायाकडे वळताच चित्र पालटते. एका राजाचा सेवक दहा हजार तालांत देणे लागत होता. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा हे ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे झाले. सेवक पाया पडतो आणि राजा ते सर्व ऋण सोडून देतो. तोच सेवक बाहेर पडताच शंभर दीनार देणे लागणाऱ्या आपल्या सोबत्याचा गळा धरतो व त्याला तुरुंगात टाकवितो. हे कळताच राजा दिलेली माफी मागे घेतो. माफी देताना अट नव्हती, टिकण्याला मात्र होती! योहानाच्या शुभवर्तमानातही येशू शिष्यांना जे सांगतात, ते आज्ञापालनाने आपल्या प्रेमात राहण्याविषयी आहे. तेथे प्रेम अगोदरच दिलेले आहे. प्रश्न उरतो तो त्यात राहण्याचा. हा भेद सूक्ष्म असला तरी खरा आहे, आणि पुढील बराचसा घोटाळा तो विसरल्यामुळे झालेला दिसतो.

पाचव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनहून आलेल्या पेलाजियस नामक तपस्व्याने असे प्रतिपादिले की, मनुष्य आपल्या संकल्पाने सन्मार्ग स्वीकारू शकतो व त्यानुसार त्याला फळ मिळते. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन ह्यांनी त्याचे खंडन केले. कृपा जर कर्तृत्वाच्या मोबदल्यात मिळत असेल तर ती मजुरी होईल, कृपा उरणार नाही, हा त्यांचा मुद्दा. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. येथवर निरपेक्ष प्रेमाचाच विजय झाला असे वाटेल. परंतु कृपेला मनुष्याकडून कोणतेही कारण लागत नसेल, तर ती काहींना मिळते आणि काहींना मिळत नाही, हे कसे? ऑगस्टिन ह्यांना उत्तर द्यावे लागले की, ईश्वराने ज्यांना निवडले त्यांना ती मिळते, आणि निवडीचे रहस्य त्यालाच ठाऊक.

हेच बीज बारा शतकांनंतर हॉलंडात कडू फळ देऊन गेले. लायडन येथील प्राध्यापक आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. त्यांच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन सादर केले. ईश्वराचे प्रेम सर्वांवर आहे, ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला, आणि जो श्रद्धा ठेवील असे ईश्वराला पूर्वीच दिसते त्याची तो निवड करतो, असा त्याचा आशय. प्रतिपक्षाला ही श्रद्धेची अट म्हणजे मागल्या दाराने आलेली मजुरी वाटली. नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ ह्या काळात डॉर्ड्रेख्त येथे भरलेल्या परिषदेने निर्णय दिला की, निवड सर्वथा निरपेक्ष आहे. परंतु ती निवडलेल्यांपुरतीच आहे. दोनशेच्या आसपास धर्मोपदेशकांना पदावरून दूर व्हावे लागले. राजकारणही त्यात मिसळलेले होते, आणि एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेवेल्ट ह्या ज्येष्ठ मुत्सद्द्याचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद करण्यात आला. थोर कायदेपंडित ग्रोशियस ह्यांना जन्मठेप झाली. १६२१ साली ते पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटले. ईश्वराचे प्रेम किती विशाल, हे ठरविण्यासाठी बसलेल्या माणसांनी एकमेकांना एवढेही प्रेम दाखवू नये, हे नवल खरे.

ह्या वादातील चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांनी अट अजिबात नको म्हटले त्यांना प्रेमाचे क्षेत्र आखडून घ्यावे लागले, आणि ज्यांनी ते सर्वांवर पसरविले त्यांना अट स्वीकारावी लागली. अटही नाही आणि कोणी वगळलेलाही नाही, असे दोन्ही एकदम म्हणावयाचे असेल तर अखेरीस सर्वांचाच उद्धार होतो असे मानणे प्राप्त होते. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन ह्यांनी तशी आशा बाळगली होती. त्यांच्या नावे प्रचलित असलेली मते ५५३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे निषिद्ध ठरविण्यात आली.

अशा प्रकारची कोंडी आपल्या देशालाही अपरिचित नाही. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत तेंकलै आणि वडकलै असे दोन पंथ झाले, ते मुख्यतः ह्याच प्रश्नावरून. मांजर आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करावयाचे नसते. तशी भगवंताची कृपा निर्हेतुक आहे, असे पिळ्ळै लोकाचार्यांचा पक्ष म्हणतो. माकडाच्या पिलाला निदान आईच्या पोटाला बिलगावे तरी लागते, असे वेदान्तदेशिकांचा पक्ष म्हणतो. ते बिलगणे म्हणजे कृपेचे मोल आहे असे वडकलैही मानीत नाहीत. त्याला ते केवळ ‘व्याज’ म्हणजे निमित्त म्हणतात, आणि ते मानण्याचे कारण भगवंतावर पक्षपाताचा दोष येऊ नये हे होय. आर्मिनियसच्या अनुयायांची चिंता नेमकी हीच होती. जर्मन पंडित रुडॉल्फ ओटो ह्यांनी १९३० साली भारतातील कृपामार्ग व ख्रिस्ती धर्म ह्यांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ह्या माकड-मांजराची दखल घेतलेली आहे. मंदिरात कोणत्या पंथाचा तिलक लावावा ह्यावरून आपल्याकडेही भांडणे न्यायालयापर्यंत गेली, हे सांगून टाकलेले बरे. म्हणजे डॉर्ड्रेख्तला फार हसण्याचा मोह होणार नाही.

श्रीमद्भगवद्गीतेतही हा पेच आहे. नवव्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या श्लोकात भगवान सांगतात की, ते सर्व भूतांच्या ठायी सम आहेत, त्यांना कोणी अप्रिय नाही व कोणी प्रियही नाही. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस मात्र अद्वेष, क्षमा, समत्व ह्या लक्षणांनी युक्त असा भक्त आपल्याला प्रिय आहे, असे तेच पुनःपुन्हा सांगतात. मग भगवंतालाही राग-द्वेष आहेत काय, अशी शंका श्रीशंकराचार्यांनी नवव्या अध्यायाच्या भाष्यात घेतली आहे. त्यांचे उत्तर अग्नीचे आहे: दूर बसलेल्याची थंडी अग्नी घालवीत नाही, जवळ आलेल्याची घालवितो, ह्यात अग्नीचा पक्षपात नाही. अट येथे देणाऱ्याच्या मनातून निघून घेणाऱ्याच्या जागेत जाते. मत्तयाचा राजा आणि योहानातील आज्ञापालन ह्यांनाही हीच दृष्टी लावली म्हणजे बरेचसे ‘तर’ सौम्य होतात. ज्याची मूठ सोबत्याच्या गळ्याभोवती आवळलेली आहे, त्याच्या हातात दान कसे पडणार?

तरीही ख्रिस्ती वाचक येथे हरकत घेईल, आणि ती योग्य असेल. अग्नी आपली जागा सोडून थंडीने कुडकुडणाऱ्याकडे धावत जात नाही. दृष्टांतातला बाप धावतो. ह्या हरकतीचे उत्तर गीतेत पुढच्याच श्लोकांत शोधावे लागते. अत्यंत दुराचारी मनुष्य अनन्यभावाने भजू लागला की त्याला साधूच समजावे, असे आधी येते. तो त्वरित धर्मात्मा होतो, हे त्यानंतर. स्वीकार पहिला आणि शुद्धी मागून. अंगावर झगा पडला तेव्हा मुलाच्या पायांची धूळही धुतली गेली नव्हती. बाराव्या अध्यायात तर चित्त अर्पण करणाऱ्यांना मृत्युसंसारसागरातून विलंब न लावता वर काढणारे भगवान स्वतःच आहेत.

फरक राहतो तो काळाचा. सोळाव्या अध्यायात द्वेष करणाऱ्यांना आसुरी योनीत टाकल्याचे कठोर वचन आहे. परंतु योनी म्हणजे पुन्हा जन्म, आणि जन्म म्हणजे पुन्हा संधी, असेच बहुतेक आचार्यांनी मानले. (श्रीमध्वाचार्यांनी काही जीवांना नित्य तमाचे अधिकारी मानले आहे, हा मोठा अपवाद.) ख्रिस्ती मतात आयुष्य एकच, म्हणून अट हुकली की कायमची हुकते. जपानी स्त्रीपुरुषांच्या अश्रूंचे मूळ येथे होते. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने चर्चबाहेर राहणाऱ्यांना तारण नाही असे स्पष्ट शब्दांत सांगितले होते, आणि झेवियर त्याच परंपरेतले. पुढे नोव्हेंबर १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले की, स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जे प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेतात व सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही शाश्वत तारण मिळू शकते. झेवियर ह्यांच्या पत्रानंतर ह्या गोष्टीला चारशे बारा वर्षे लागली.

प्रेमाला अट नाही म्हटल्यास सदाचार सैल होईल, ही भीती दोन्हीकडे आहे. जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर ह्यांनी १९३७ सालच्या आपल्या ग्रंथात स्वस्त झालेल्या कृपेवर कठोर प्रहार केला. जी कृपा फुकट मिळते ती स्वस्त असते, हे त्यांना मान्य नव्हते. हिटलरच्या राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिले. निरपेक्ष कृपेवर विश्वास ठेवणारा मनुष्य कर्तव्यात सैल पडतो, असे त्यांच्याविषयी कोणालाही म्हणता येणार नाही.

ही भीती सर्वाधिक कोणाला वाटते, हे लूकच्या त्याच दृष्टांताच्या उत्तरार्धात आले आहे. तो भाग गृहस्थाश्रमी मनुष्याने विशेष लक्षपूर्वक वाचावा. थोरला मुलगा शेतातून दमून येतो, घरात गाणेबजावणे ऐकतो, चाकराकडे चौकशी करतो आणि रागावून दारातच थांबतो. इतकी वर्षे त्याने बापाची चाकरी केली, आज्ञा मोडली नाही, आणि त्याच्या मित्रांसाठी कधी एक करडूही मिळाले नाही. प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एक थोरला असतो, आणि त्याची तक्रार खोटी नसते. त्याला प्रेम हवे आहे, पण ते मिळवलेले हवे आहे; धाकट्याला न मिळवता मिळाले, हे त्याला सोसत नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. घरात जे काही आहे ते सर्व थोरल्याचेच आहे, आणि ते नेहमीच तसे होते, असे तो त्याला सांगतो. गोष्ट एवढ्यावरच थांबते. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.