पुंडलिकाच्या आईवडिलांची बाजू

पुंडलिकाची गोष्ट आपण नेहमी पुंडलिकाच्याच बाजूने सांगत आलो. आईवडिलांची सेवा चालली होती, म्हणून त्याने दारात आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला. सेवा करणारा थोर, थांबणारा त्याहून थोर. ज्यांची सेवा चालली होती त्या दोघांना काय वाटलं, हे विचारायचं फारसं कुणाला सुचलेलं दिसत नाही. आपल्यापायी देव ताटकळतोय, याचं ओझं त्यांना झालं नसेल?

हा प्रश्न मला ताईमुळे पडला. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. परळच्या जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत ती, आई, दादा, वहिनी आणि मुलं राहतात. व्हीलचेअर घडी करून गॅलरीत उभी असते. आत उघडली तर पाय टाकायला जागा उरत नाही. घरात ताई चाकं लावलेल्या पाटावरून हातांच्या जोरावर सरकते, तेही सगळ्यांची अंथरुणं उचलल्यावर. संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून, वीतभर उंच उंबरठ्याचा. म्हणून दुपारनंतर ती पाणी पीत नाही. मे महिन्यातसुद्धा. खाली उतरायचं तर उचलायला दोन धडधाकट माणसं हवीत. शेजारची पोरं हाकेसरशी धावतात, कुणाच्या कपाळावर आठी नसते. चाळीची ही माया खरी आहे आणि तिचं ऋण मोठं आहे. पण आपला दिवस दुसऱ्यांच्या सवडीतून वेचून घ्यावा लागणं, हे मायेनेही सुसह्य होत नाही. घराची वाट लोक वर्षांत मोजतात. ताईची वाट मोरी रिकामी होण्यापासून सुरू होते.

मुंबईच्या चाळी धडधाकट कामकऱ्यासाठी बांधल्या गेल्या. १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळी घ्या: तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास, लिफ्ट नाही. पाठ टेकायला आलेला माणूस त्या नकाशात होता, पडून राहिलेला नव्हता. वरळीत आता त्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा ताई मनापासून हरखली होती.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने घरांच्या सरकारी योजनांत ५ टक्के आरक्षण दिलं, त्यात स्त्रियांना प्राधान्य. ताई त्या गटातून सोडतीचा अर्ज भरते. नंबर लागत नाही, अनामत परत येते, ती पुन्हा भरते. मला मात्र नंबर लागण्याचीही धास्ती वाटते. घर कुणाला मिळणार हे आरक्षण ठरवतं. ते कसं असेल हे नाही. केंद्राच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर सांगितली आहे. अशा गोष्टी निव्वळ शिफारशी म्हणून सोडता येणार नाहीत, काही निकष सक्तीचेच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२४च्या नोव्हेंबरात बजावावं लागलं.

नव्या इमारतीचं माहितीपत्रक हाती आलं की दादा किंमत बघतो, वहिनी स्वयंपाकघराचा ओटा. ताई संडासाच्या दाराची रुंदी शोधते. नेहमीच्या फ्लॅटमध्ये ते अडीच फुटांचं, चौकट धरून. तिची खुर्ची सव्वादोन फुटांची, आणि चाकं फिरवणारे तिचे हात खुर्चीच्या बाहेर. म्हणजे नव्या घरातही, आत जायचं तर कुणाला तरी हाक मारायची.