पायाखालचा अपस्मार

चोल राजांच्या काळी तामिळ देशात घडलेल्या नटराजाच्या धातुमूर्ती सर्वपरिचित आहेत. वरच्या उजव्या हाती डमरू, डाव्या हाती अग्नी. पुढचा उजवा हात अभय देतो, डावा हात उचललेल्या डाव्या पायाकडे निर्देश करतो. शैव आचार्य यांतच सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव व अनुग्रह ही पंचकृत्ये पाहतात. उजव्या पायाखाली पडलेल्या खुज्या पुरुषाकडे मात्र दर्शन घेणाऱ्याची दृष्टी क्वचितच जाते. त्याचे नाव अपस्मार. स्मृतीचा लोप, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. आयुर्वेदात फेफऱ्याच्या रोगासही हेच नाव आहे.

हा अपस्मार मेलेला नाही. पुष्कळ मूर्तींत तो मान उचलून वर पाहत असतो. महिषासुरमर्दिनीचा शूल असुराच्या देहात शिरलेला दिसतो. येथे हाती प्रत्यक्ष अग्नी असूनही भगवान शंकर त्याला जाळीत नाहीत, केवळ दाबून धरतात. असे का?

मूर्तीचा तोल पाहिला म्हणजे उत्तराची दिशा सापडते. या मूर्ती आधी मेणात घडवितात, त्यावर मातीचा लेप देतात, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. (कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात ही रीत वर्णिली आहे.) तोल मेणातच साधावा लागतो, आणि तो अपस्मारावर रोवलेल्या पायावर साधलेला असतो. तो पाय स्थिर आहे म्हणून दुसरा, अनुग्रहाचा, उचलला गेला आहे.

यावर गीतेचा अभ्यासक म्हणेल की तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस भगवंतांनी कामरूप शत्रूला मारण्याचीच आज्ञा केली आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच श्लोकात स्वतःला आवरून स्थिर करण्यासही सांगितले आहे. आणि थोडे आधी, रागद्वेष प्रत्येक इंद्रियाच्या ठायी बसलेलेच आहेत, त्यांच्या अधीन होऊ नये, एवढेच म्हटले आहे. महिनाभर कोणावर न रागावलेला गृहस्थ क्रोध मेला असे समजून निश्चिंत होतो, आणि त्याच सायंकाळी भाजीत मीठ कमी पडले म्हणून घर डोक्यावर घेतो.

अर्जुनाचेच पाहावे. अठराव्या अध्यायात मोह नष्ट झाला, स्मृती लाभली, असे तो स्वमुखाने सांगतो. पुढे युद्ध संपल्यावर, आश्वमेधिक पर्वात अनुगीतेच्या आरंभी, तोच अर्जुन श्रीकृष्णांना म्हणतो की त्या वेळी सांगितलेले सारे आपण विसरलो! भगवंत त्याला बोल लावतात, ते सर्व तसेच पुन्हा सांगणे शक्य नाही म्हणतात. आणि मग एक प्राचीन इतिहास त्याला सांगू लागतात.