यादीबाहेरचं

बिल यादीपेक्षा लांब निघतं, याचा दोष मी बरीच वर्षं दुकानाला देत आलो. द्यायला सोपाही आहे. दूध-डाळ पार आतल्या टोकाला, वाटेत बिस्किटं नि शाम्पू, बिलाच्या रांगेत पोरांच्या हाताला येतील अशी चॉकलेटं. ढकलगाडीसुद्धा त्यासाठीच आली. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरतं, हे ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने हेरलं आणि १९३७ साली गाडी आणली. सगळं खरं. पण गाडीत हात माझाच जातो.

मग पूर्वी मी काटकसरी होतो का? नगरच्या दाळमंडईत यादी वाण्याच्या हातात द्यायची. तो एकेक जिन्नस वाचणार, पोरगा पुडे बांधणार, मागची बाकी वहीत सगळ्यांदेखत निघणार. यादीबाहेरचं हवं असेल तर चारचौघांत तोंडाने मागावं लागे. मी मागत नसे. त्याला संयम म्हणत आलो. ती नुसती भीड होती. कापडबाजारात हीच भीड उलटी फिरते. गादीवर बसून चहा घेतला, समोर साड्यांचा ढीग पडला, की रिकाम्या हाताने उठवत नाही.

सावेडीतल्या मॉलमध्ये कुणीच बघत नाही. तिथे मी जो असतो, तो मीच.

हॉकिन्स स्टर्न या अभ्यासकाने १९६२ साली अशा यादीबाहेरच्या खरेदीचे चार प्रकार मांडले. त्यातला एक म्हणजे, वस्तू दिसल्यावर ती घरात संपल्याचं आठवणं. मी स्वतःला कायम त्यात बसवतो: ‘लागतंच की घरात.’ लागत नाही. ‘एकावर एक फ्री’वाली फरशी पुसायची बाटली मोरीत सीलबंद आहे, तिच्या मागे आधीची जोडी.

खरं कारण जुनं आहे. लहानपणी काचेच्या बरणीकडे बोट केलं की ‘पुढच्या महिन्यात’ ऐकू येई. आता न विचारता उचलता येतं, आणि मला त्या उचलण्याचीच चटक आहे. वस्तू दुय्यम. घरी आली की पिशवीतून काढायचाही कंटाळा.

‘आमच्या वेळी आम्ही मन मारायचो,’ असं मी मुलांना ऐकवतो. ते आता बंद केलं पाहिजे. मन आम्ही मारलं नव्हतं, वाण्याने मारलं होतं.