विड्याचा मान

प्रशांत महासागरातले ग्वाम बेट १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. तेथील मूळचे चामोरो लोक सुपारीला ‘पुगुआ’ म्हणतात. विड्याचे पान, चुना आणि पुगुआ पाहुण्यापुढे ठेवणे हा त्यांच्याकडचा आदर. त्या बेटसमूहातली शाळकरी मुलेही सुपारी चघळतात, काही तर तंबाखू घालून. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक ठरवली. ग्वामने २०१८ पासून तंबाखू विकत घेण्याचे किमान वय २१ केले. कायदा दुकानदाराचा हात धरील. आजोबांचा कसा धरणार?

हा प्रश्न मला परका वाटत नाही. विडा आपल्याही घरचा मान आहे. मूल व्यसन केवळ वाईट संगतीत शिकते असे नव्हे. ज्या हाताचा आशीर्वाद घेते, त्या हाताकडूनही शिकते. मग दोष कोणाचा? मुलाचा म्हणावा तर अन्याय, परंपरेचा म्हणावा तर तिच्याबरोबर आदरातिथ्यही जाते. पण पूजेत आपण सुपारीचा गणपती मांडतो, तो खात नाही. मान देण्यात आहे, चघळण्यात नाही. मात्र हे मुलाला सांगण्याचा अधिकार ज्याने स्वतःचे तोंड आवरले आहे, त्यालाच.