आवाज काय म्हणतो?

लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात १७९७ साली जेम्स टिली मॅथ्यूज नावाच्या चहाच्या दलालाला डांबलं गेलं. शहराच्या जुन्या तटाजवळ एका तळघरात सात जणांची टोळी ‘एअर लूम’ नावाचं यंत्र चालवते आणि दुरून आपल्या मनाचा ताबा घेते, असं त्याचं म्हणणं होतं. हे यंत्र कुजक्या वायूंवर चाले. एखादी कल्पना डोक्यात सोडून ती तासन्‌तास तरंगत ठेवायची, याला टोळीची माणसं ‘पतंग उडवणं’ म्हणत. मन दुसरीकडे वळवायचा कितीही प्रयत्न केला तरी ती कल्पना हटत नसे. टोळीतला एक जण या सगळ्याची लघुलिपीत नोंद ठेवी. मॅथ्यूजने यंत्राचा तपशीलवार आराखडाही काढून ठेवला.

घरच्यांनी सुटकेसाठी खटपट केली, दोन डॉक्टरांनी तो शहाणा असल्याचं सांगितलं. त्यांना खोटं पाडण्यासाठी इस्पितळातल्या जॉन हॅस्लमने १८१० साली पुस्तकच लिहिलं. मॅथ्यूजचं बोलणं त्याने बारकाईने उतरवून घेतलं ते वेडाचा पुरावा म्हणून. पण हा माणूस फ्रेंच क्रांतीच्या काळात इंग्लंड-फ्रान्समध्ये तह घडवायला पॅरिसला गेला होता आणि संशयावरून तिथे सुमारे तीन वर्षं कैदेत पडला होता. ज्याच्यावर खरोखरच पाळत होती, त्याच्या भ्रमात पाळत यावी, याचा अर्थ लावण्याची गरज हॅस्लमला वाटली नाही. याच मॅथ्यूजने इस्पितळातल्या वागणुकीबद्दल केलेली टिपणं १८१५च्या संसदीय चौकशीत उपयोगी पडली आणि पुढच्या वर्षी हॅस्लमची नोकरी गेली. भ्रम असलेला माणूस प्रत्येक गोष्टीत चुकतोच असं नाही, हे त्या काळच्या वैद्यकाला यातून उमगायला हवं होतं.

असे भ्रम होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या आजाराचं पुढे मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने वर्गीकरण केलं, ब्लॉयलरने त्याला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिलं. १९१९ साली व्हिएन्नाचा मनोविश्लेषक व्हिक्टर टाउस्क याने मात्र अशा यंत्राकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याच्या एका रुग्ण बाईला छळणारं यंत्र तिच्याच शरीराच्या आकाराचं होतं आणि बर्लिनमध्ये बनवलेलं ते यंत्र कुणीतरी चालवत होतं. स्वतःचंच शरीर परकं वाटू लागलं की ते असं बाहेर जाऊन उभं राहतं, असं त्याने मांडलं. ते पटो न पटो, त्याने रुग्णाच्या सांगण्यात अर्थ शोधला, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण पुढे मानसोपचारतज्ज्ञ कुर्ट श्नायडरने रुग्णाला ऐकू येणारा आवाज काय म्हणतो यापेक्षा तो कसा येतो याला महत्त्व दिलं: दोन आवाज आपसांत वाद घालतात का, आपण करतो त्यावर शेरे मारतात का, विचार बाहेरून घातल्यासारखे वाटतात का. निदानाला याची मोठी मदत झाली. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन आलं आणि असंख्य माणसांचे आवाज मंदावले. औषधांचे हे उपकार विसरता येणार नाहीत. पण आवाजाचा मजकूर पुन्हा मागे पडला.

तो पुढे आणला पॅट्सी हेग या डच रुग्ण स्त्रीने. न दिसणाऱ्या देवावर तुम्ही विश्वास ठेवता, मग मी प्रत्यक्ष ऐकते त्या आवाजांवर का नाही, असा तिचा आपल्या डॉक्टरला, मारियस रोम यांना सवाल होता. दोघं टीव्हीवर बोलले, तेव्हा आवाज ऐकणाऱ्या शेकडो लोकांनी संपर्क साधला. त्यांतले कित्येक जण आवाजांसह आपापला संसार नीट चालवत होते. त्यातूनच आवाज ऐकणाऱ्यांचे गट उभे राहिले.

मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन यांनी तर चेन्नई, घानातलं आक्रा आणि कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांना आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकेतले आवाज बहुधा हिंसक, अनोळखी. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना घरातलीच माणसं ऐकू येत, कामं सांगताना, रागावताना. मनाला जे माहीत असतं, त्यातूनच आवाज बोलतो. आपल्याकडे कालपर्यंत भावकी करणी करत होती, आज मोबाइलमधून कुणी ऐकत असतं.

घरात हे घडतं तेव्हा मुलगा टीव्हीवर चादर टाकतो, ताटातला पहिला घास आईला खायला लावतो. आई कळवळून म्हणते, “अरे, असं काही नाही!” आणि त्याच्या लेखी तीही त्या कटात सामील होते. पुण्या-ठाण्यातल्या स्वमदत गटांत येणाऱ्या शुभंकरांना, म्हणजे सांभाळणाऱ्या नातेवाइकांना, हे चांगलं ठाऊक असतं. हो ला हो करायचं नाही आणि वादही घालायचा नाही. “मला काही ऐकू येत नाहीये रे, पण तू घाबरलायस हे दिसतंय. काय म्हणतोय तो?” एवढं विचारता येतं. आवाज शिव्या देत असेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत सांगता येईल. “गच्चीवरून उडी मार” म्हणत असेल, तर त्याला एकटं न सोडता त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो. हा फरक विचारल्याशिवाय कुणालाच कळत नाही.